झुंबरच्या हातची घडी

देवपूर, धुळे
१५ नोव्हेंबर १९८७

प्रिय लिला,

तुला, आधारला आणि रेशमाला जयभीम.

दिवाळीत तुम्ही येणार म्हणून मी ज्वारी-उडदाचं, कळण्याचं पीठ दळून आणलं होतं. शेवटी त्याच्या भाकरी मी एकटीने खाल्ल्या आणि वर चार दिवस तुमच्यावर चिडून राहिले. नणंद आहे, एवढा हक्क आहे माझा. तू माझ्या धाकट्या भावाची बायको, तेव्हा ऐकून घेणं तुझ्याकडे.

आता कामाचं. ऑगस्टमध्ये माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा रेशमा माझ्याकडे राहून गेली ना, त्या वेळी एक पाहुणा मला बघायला आला होता. भाईदास नाव. माझ्या हाताखाली शिकलेला, आता पिंपळनेरकडे आश्रमशाळेत मास्तर आहे. शाळेत असताना फळ्याकडे कमी आणि खिडकीबाहेर जास्त बघायचा, पण मुलगा सरळ. रेशमा खिडकीशी कुणाचा तरी ब्लाउज उसवत बसली होती. याने बिचकत बिचकत तिला विचारलं, माझ्या पिशवीचा बंद तेवढा टाचून द्याल का. तिने दिला टाचून. तेव्हापासून हा गृहस्थ धुळ्याला आला की माझ्याकडे येतो आणि काही ना काही निमित्ताने त्या बंदाचा विषय काढतो. गेल्या रविवारी मीच विचारलं, बाबा, तुला बंद आवडला की टाचणारी. लाल झाला आणि हो म्हणाला. कशाला हो, ते मी समजून घेतलं.

रेशमाचे पितांबरराव काविळीत गेले, लग्नाला वर्षही झालं नव्हतं, हे मी त्याला सगळं सांगितलं आहे. त्याला ते आधीच ठाऊक होतं. विधवेला पदरात घेतोय असा उपकाराचा सूर त्याच्या तोंडून एकदा जरी निघाला असता तरी मी त्याला चहाच्या कपासकट बाहेर काढलं असतं. तसला नाही तो. घरी आई आहे, बहिणींची लग्नं झालीत, म्हणून त्याचंच राहून गेलं.

रेशमा पंचविशीची पोर. शिवणयंत्रापुढे मान खाली घालून तिने जन्म काढायचा का? तिला विचार आणि मला कळव. आधारला विचारू नकोस, तो नुसता हं म्हणेल.

तुझी,
कुंदा


असोदा
२ डिसेंबर १९८७

ती. कुंदा अक्कांना लिलाचा जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. रेशमाच्या आबांना वाचून दाखवलं. ते हं म्हणाले.

अक्का, तुम्ही एवढं मनावर घेतलं, बरं वाटलं. पण रेशमाचं म्हणणं आता नको. मी जास्त काही बोलले नाही. लग्नसराईचे दिवस आहेत, ब्लाउजांचा ढीग पडला आहे, तिला मान वर करायला फुरसत नाही. आबांचा गुडघाही दुखतो आहे. केळीच्या वखारीत उभ्याने काम, दुसरं काय होणार. मुलगा चांगला असेल, तुम्ही सांगता म्हणजे असेलच, पण पोरीच्या मनाविरुद्ध कसं करायचं. तुम्ही त्यांना तसं कळवून टाका. उगीच आशा लावून ठेवू नका.

बाकी इकडे ठीक. गेल्या आठवड्यात लोटनभाऊंच्या मोठीचं लग्न झालं. जळगावहून नवीन पांढरी साडी आणली होती, अंगावर ठरत नव्हती, सारखी घसरत होती. ब्लाउज रेशमानेच शिवला. लग्नाला मात्र आली नाही, डोकं दुखतं म्हणाली. जेवण चांगलं होतं, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी.

डोळ्याला जपा. शाळेच्या वह्या रात्री तपासू नका.

तुमची,
लिला


देवपूर, धुळे
१० डिसेंबर १९८७

प्रिय लिला,

वरण-बट्टी पोचली. पण वरणाच्या आधी तू एक वाक्य लिहून गेली आहेस, त्याने माझी झोप उडाली. लोटनच्या मुलीला नवीन साडी कशाला लागली? आपलं वस्तीचं लुगडं कुठे गेलं?

तू म्हणशील अक्काला आता म्हातारपणी लुगडी सुचतात. सुचतात. दीक्षेनंतर वस्तीतलं पहिलं लग्न निघालं तेव्हा पांढऱ्यात लग्न लावायचं एवढं सगळ्यांना कळलं होतं, पण चांगलं पांढरं लुगडं एकाही घरात नव्हतं. मग घराघरातून वर्गणी काढून येवल्याहून ते रेशमी नऊवारी विणून आणलं. पांढरं, बोटभर निळा काठ. त्याच्याबरोबर एक चोळी आणि नवऱ्यासाठी शेला. सगळं एका लाकडी पेटीत ठेवलं आणि ती पेटी पार्वता मावशीच्या हवाली केली, कारण पहिली नवरी तिचीच मुलगी, झुंबर. माझी मैत्रीण. बाहेरचे लोक वेशीवर उभं राहून हसले होते, नवरी बघा कशी रांडावल्यासारखी नेसली आहे म्हणून. झुंबर मान ताठ ठेवून चालली होती, ते मला अजून दिसतं.

तिच्यानंतर मी नेसले. मग वस्तीतली प्रत्येक मुलगी. बाहेरून येणाऱ्या सुनाही नेसल्या. तू साकरीकडून आलीस तेव्हा तुलाही तेच नेसवलं होतं आणि नऊवारी आवरता येईना म्हणून तू मांडवात रडायला लागली होतीस. नवरी पहिल्यांदा माहेरी आली की तिने आपल्या हाताने घडी घालून पेटी परत द्यायची, हा आपला रिवाज. तो का मोडला?

भाईदासला मी काही कळवलेलं नाही. नाही म्हणणं रेशमाचं आहे की तुझं, हे मला आधी समजू दे. परवा येऊन गेला. माझ्या स्टोव्हच्या पंपाची वादी बदलून दिली, दोन भाकरी पटापट खाल्ल्या आणि गेला. रेशमाचं नावही काढलं नाही. मलाच चुटपुट लागून राहिली.

खरं काय ते लिही.

कुंदा


असोदा
८ जानेवारी १९८८

ती. अक्कांना जयभीम.

लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण तुम्हाला काही लपवलेलं चालत नाही आणि मलाही आता सोसवत नाही.

रेशमा नेसली त्यानंतर ती पेटी उघडलेलीच नाही. पितांबरराव गेले, त्यानंतर दोन महिन्यांनी नथ्थूच्या मुलीचं लग्न होतं. तिची आई पेटी मागायला गेली तर पार्वता मावशी म्हणाली, किल्ली सापडत नाही. पुढच्या लग्नाला म्हणाली, काठ उसवलाय, दुरुस्तीला द्यायचंय. त्यानंतर लोकांनी मागणंच सोडलं. तोंडावर कुणी काही बोलत नाही हो अक्का. पण मी नळावर गेले की बोलणं थांबतं. आता सगळे नवीन साडी आणतात आणि वर म्हणतात, आजकालच्या पोरींना नऊवारी कुठे जमते.

रेशमाला हे बठ्ठं, सगळंच्या सगळं समजतं. तिच्याच हातून त्या नव्या साड्यांचे ब्लाउज शिवून जातात. तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी तिला भाईदासरावांबद्दल सांगितलं. ती यंत्र थांबवून म्हणाली, “आई, मी नेसले आणि ते लुगडं वाया गेलं. माझ्यापायी बाकीच्या पोरींचा मान गेला. आता मीच उठून दुसऱ्यांदा नवरी होऊ?” मी स्वयंपाकघरात जाऊन कांदा चिरत बसले.

माझा राग पार्वता मावशीवर आहे. आमच्या दोघींच्या घरात एकच भिंत, पण तीन वर्षं होत आली, मी तिच्याशी बोललेली नाही. तिची स्वतःची झुंबर पहिल्या बाळंतपणात गेली. तेव्हा कुणी लुगड्याला नाव ठेवलं का? तिच्यामागून तुम्ही नेसलात, मी नेसले. आणि माझ्या पोरीच्या वेळी हिला किल्ली सापडेना. हे मला आतून खातं अक्का.

तुम्ही कुणाला काही लिहू नका. आहे ते असू द्या.

लिला


देवपूर, धुळे
१७ जानेवारी १९८८

प्रिय लिला,

तुझं पत्र वाचून मी ताट बाजूला सारलं. भूकच गेली. बाहेरच्यांनी रांडावलेली म्हटलं तेव्हा ज्या वस्तीने मान ताठ ठेवली, त्याच वस्तीत आता विधवेच्या अंगाला लागलेलं कापड नको असं झालं? मग इतकी वर्षं पांढरं नेसून आपण काय मिळवलं?

एवढं लिहून मी अंगणात दोन फेऱ्या मारल्या. आता जरा थंड डोक्याने लिहिते. लिला, तुझ्या पूर्ण पत्रात मला एक गोष्ट सापडली नाही. मावशीला जाऊन कुणी सरळ विचारलं का? नथ्थूच्या घरच्यांनी किल्ली मागितली, कारण विचारलं नाही. तू तर बोलणंच टाकलंस. ती तोंड उघडत नाही, तुम्ही विचारत नाही, आणि पोर मधल्यामध्ये जळते आहे. मावशी मला लहानपणापासून माहीत आहे. फटकळ आहे, हट्टी आहे, पण मनात काळं ठेवणारी बाई नाही. निदान तेव्हा नव्हती. माणसं बदलतात, तेही खरं.

मला यायचं तर शाळेत परीक्षा आणि हेडमास्तर रजेला हात लावू देत नाहीत. म्हणून हे पत्र रेशमाला वाचायला दे. रेशमा, हे तुला आहे. ते लुगडं मावशीच्या मालकीचं नाही. माझं आहे, तुझ्या आईचं आहे आणि तुझंही आहे. जाऊन विचार. ती जर म्हणाली की तुझ्यामुळे बंद केलं, तर मी रजा टाकून येईन आणि ती पेटी डोक्यावर घेऊन धुळ्याला आणीन. मग बघू कोण काय म्हणतं.

लग्न करायचं की नाही हे तू ठरव, मी त्यात पडणार नाही. पण न विचारता मनाशीच उत्तर धरून बसू नकोस.

कुंदा


असोदा
६ मार्च १९८८

प्रिय आत्या,

जयभीम. तुझं पत्र मी उशीखाली ठेवून दीड महिना काढला. रोज उद्या जाऊ म्हणायचे आणि रोज एखादा ब्लाउज अर्जंट निघायचा. परवा शेवटी गेले. आई मागून येत होती, येत नाही येत नाही म्हणत.

मावशी ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी विचारलं, “मावशी, माझ्यामुळे पेटी बंद ठेवलीस का?” इतकं सरळ विचारलं की माझंच मला नवल वाटलं. तिने माझ्याकडे बघितलं, सूप खाली ठेवलं आणि आत गेली. आम्ही दाराशी तशाच उभ्या. मग आतून हाक आली.

किल्ली हरवलेली नव्हती आत्या, तिच्या गळ्यातच होती. पेटीत लुगडं जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं होतं. तिने ते उलगडलं आणि मला दिसलं. मधल्या दोन घड्यांवर रेशीम विरून गेलंय. काठापासून काठापर्यंत. बोट लावलं की सुटतं. नथ्थूकाकांच्या मुलीच्या वेळी ती धूळ झटकायला म्हणून उलगडत होती तेव्हा हातातच फाटलं.

ती काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहिते. “पोरी, तुह्या घरी तवा तशी वेळ. त्यात मी लुगडं फाटलं म्हनून सांगतलं असतं, तर लोकाईनं काय म्हटलं असतं? रेशमा नेसली, नवरा गेला, लुगडंबी गेलं. मही झुंबर गेली तवा कोनी लुगड्याले नाव ठेवलं नाही. मग ते नाव मी तुह्यावर कसं येऊ दिन?”

म्हणून तिने किल्ली हरवली. मला वाचवायला. आणि लोकांनी नेमकं तेच धरलं जे तिला नको होतं. तिला ते कळत होतं, पण एकदा खोटं बोलून बसल्यावर मागे कसं यायचं हे तिला समजेना. आईने तोंडाला पदर लावला होता. तीन वर्षांनी दोघी एका घोंगडीवर बसून रडल्या. मी मात्र लुगडंच बघत राहिले, धंद्याची सवय.

आता तुला एकटीला सांगते. लुगडं फाटलं त्यात कुणाचा दोष असेल तर तो घडीचा आहे. झुंबरआत्याने पहिल्यांदा घातली ती घडी मावशीने कधी मोडू दिली नाही. मी परत द्यायला गेले तेव्हाही ती शेजारी उभी राहून सांगत होती, तिथूनच दुमड, झुंबरच्या हातची घडी आहे. एवढी वर्षं तेच रेशीम त्याच जागी मोडत राहिलं, मग विरणार नाही तर काय. मला हे बघताक्षणी समजलं. पण मी बोलले नाही. तिला मी कसं सांगू? तू सांग, सांगावं का?

चोळी मात्र धड आहे. तिच्या बगलेच्या शिवणीत सुईच्या भोकांच्या रांगाच रांगा आहेत. प्रत्येक नवरीसाठी उसवून कमी-जास्त केलेली. त्यातली एक रांग तुझी असेल.

मला वाटतं लुगडं वाचेल. विरलेला मधला भाग कापून काढायचा आणि दोन्ही चांगले तुकडे मधे शिवून जोडायचे, दंड घालायचा. मग ते नऊवारी राहणार नाही, सहावारी होईल. खालून मलमलचं अस्तर लावलं की पुढे टिकेल. पण मावशी कात्री लावू देत नाही. आणि म्हणते, दंडाचं लुगडं गरिबी झाकायला असतं, नवरीच्या अंगावर कधी कुणी पाहिलं? आईचंही तेच मत. तू नेसली आहेस, तुझं मत सांग.

तुझी,
रेशमा

ता. क. भाईदास मास्तरांबद्दल तू काही विचारलं नाहीस, म्हणून मीही काही लिहीत नाही.


देवपूर, धुळे
१४ मार्च १९८८

लाडकी रेशमा,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तीनही वेळा चष्मा पुसावा लागला. म्हातारीवर मी उगीच तोंड टाकलं असतं. बरं झालं हेडमास्तरने रजा दिली नाही.

घडीचं तिला तू सांगू नकोस. तिच्यापाशी मुलीचं दुसरं काय उरलं होतं? फोटो काढायची ऐपत तेव्हा कुणाची नव्हती. तिला कळायचं तर तिचं तिला कळेल.

दंडाचं म्हणशील तर ऐक. माझी आई, तुझी आजी, वर्षानुवर्षं दंडाची लुगडी नेसली आणि त्याच लुगड्यांच्या पदराला धरून आम्ही मोठे झालो. वाईट कशाला वाटायचं? कापड टिकवायचं असेल तर खराब झालेलं कापायला लागतं आणि चांगलं जोडायला लागतं. माझी परवानगी आहे. नुसती परवानगी नाही, माझा आग्रह आहे. सहावारी झालं तर उलट बरंच, पोरी तुझ्या आईसारख्या रडायच्या तरी नाहीत.

आणि ता. क. मध्ये काहीच लिहीत नाही असं लिहिण्याइतकी तू हुशार आहेस, हे मला नव्हतं माहीत. भाईदास काल आला होता. मी त्याला लुगड्याची सगळी हकिगत सांगितली. उत्तर आलं नाही तेव्हा त्याला वाटलं तू त्यालाच नाही म्हणाली आहेस, म्हणून तो तीन महिने तुझं नाव घेत नव्हता. मग म्हणाला, “बाई, त्यांना सांगा, त्या साध्या साडीत आल्या तरी मी कोर्टात लग्न करीन. पण त्यांना त्याच लुगड्यात करायचं असेल तर मला घाई नाही.” एवढं बोलून त्याने चहा सांडला.

आता तू बोल.

आत्या


असोदा
२० एप्रिल १९८८

ती. अक्कांना लिलाचा जयभीम.

रेशमा हो म्हणाली. आधी एवढं वाचून घ्या, मग पुढचं. तारीख मेच्या शेवटच्या रविवारची धरली आहे, तुमच्या सुटीत. भाईदासराव आणि त्यांची आई येऊन गेले. विहीणबाई मोकळ्या स्वभावाच्या आहेत. रेशमाचे आबा चक्क दोन वाक्यं बोलले.

आता लुगड्याचं. तुमच्या पत्रातलं दंडाचं तेवढं रेशमाने मावशीला वाचून दाखवलं. त्यानंतर पंधरा दिवस नुसती त्या पेटीपुढे बसायची. मध्येच लुगडं उलगडायची, पुन्हा त्याच रेघेवर दुमडायची, पुन्हा उलगडायची. मी भिंतीपलीकडून ऐकायचे. मला वाटलं आता काही खरं नाही.

पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती पेटी घेऊन आमच्या दारात. तिच्यामागे वस्तीतल्या बायका, तिनेच घरोघर जाऊन बोलावल्या होत्या. त्यांच्यादेखत तिने सगळं सांगून टाकलं. लुगडं कसं फाटलं, किल्लीचं खोटं का बोलली, सगळं. लोटनभाऊंची बेबाबाई खाली बघत होती. नळावर सर्वांत जास्त तीच बोलायची. मग मावशी रेशमाला म्हणाली, “घडीनं खाल्लं न ते? मले समजलं. बोट फिरवलं तवाच समजलं.” मावशीनेच कात्री तिच्या हातात दिली. म्हणाली, काप, आता मी आडवी येत नाही.

अक्का, आम्ही दोन्हीकडून लुगडं ताणून धरलं. जिने जिने नेसलं होतं, तिने तिने हात लावला. रेशमा एरवी एका दमात थान फाडणारी पोर, त्या दिवशी तिने कुठून कापायचं ते दोनदा बोटाने मोजलं. पहिला घाव घातला. मग ती शांतपणे कापत गेली. कापलेला तुकडा मावशीने मागून घेतला. त्याच्यावर झुंबरच्या घडीच्या रेघा आहेत ना. उशाशी घेऊन झोपते.

दंड रेशमाने चार दिवस बसून हातानेच घातला, यंत्र लावलं नाही. निऱ्यांत झाकला जाईल म्हणते. नाही झाकला तरी मला आता काही वाटत नाही. माझी पोर दंड घालताना गुणगुणत होती अक्का. किती दिवसांनी ऐकलं.

मलमल संपलं आहे. धुळ्याहून येताना पाच वार आणा, इकडचं जाड मिळतं.

लिला


असोदा
९ नोव्हेंबर १९८८

चि. रेशमास आईचा आशीर्वाद. भाईदासरावांना आणि विहीणबाईंना जयभीम.

तुझं पत्र पोचलं. आश्रमशाळेतल्या मुली शिवण शिकायला येतात वाचून आबांना फार आनंद झाला. वखारीत सगळ्यांना सांगत सुटले आहेत. थंडी पडायला लागली असेल तिकडे, मास्तरांना स्वेटर घालायला सांग.

पार्वता मावशी ठीक आहे. महिन्यातून एकदा पेटी उघडून लुगडं सावलीत पसरते आणि मला हाक मारते. दर वेळी घडी वेगळ्या जागी घालायची हे तू शिकवून गेलीस, ते ती विसरत नाही. उलट माझीच चूक काढते.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसले ते सांगते. काल संध्याकाळी बेबाबाई आली होती. तिच्या धाकटीचं लग्न ठरलं आहे. दारातच उभी राहिली, आत येईना. मला लगेच आठवलं, हिने मोठीला नवी साडी आणली होती आणि तू डोकं धरून घरात बसली होतीस. रेशमा, गेल्या तीन-चार वर्षांत मी हिला सुनवायला किती बोलणी मनात पाठ करून ठेवली होती, तुला काय सांगू. एकही आठवलं नाही. मी तिला आत बसवलं, चहा ठेवला.

चहा निम्मा झाला तेव्हा ती बोलली. म्हणाली, “धाकटी हट्ट धरून बसली आहे. म्हणते, रेशमाताईने जोडलेलंच नेसणार. आणि नेसवायलाही रेशमाताईच पाहिजे, दुसऱ्या कुणाच्या हातून नको. येईल का ती?”

नवरीला नेसवायला तुला बोलावलं आहे, रेशमा. तुझ्या हाताने. मी लगेच हो म्हणून टाकलं, तुला न विचारता. ती गेल्यावर मी भिंतीवर थाप मारून मावशीला सांगितलं, तर ती म्हणाली, मले माहीत आहे, आधी मह्याकडेच आली होती.

लग्न अठरा डिसेंबरला आहे. दोन दिवस आधी ये, मास्तरांना शाळेतून सुटी मिळाली तर त्यांनाही आण. चोळी उसवून द्यावी लागेल. पोरगी अंगाने तुझ्यापेक्षा भरलेली आहे.

तुझी,
आई